वरची

“मावशी, टेप आणा. बायकांचा लॉट लागला!”

मास्तरांची हाक आली तशी मावशी उठली. टेपचं बंडल मनगटात कड्यासारखं अडकवलेलंच होतं. तिने शर्टांवरच्या छपाईची स्क्रीन उलटी केली, चित्राच्या वरच्या भागातून शाई उतरू नये म्हणून तिथे एक पट्टी चिकटवली, तिला लागून दुसरी, आणि नखाने कडा दाबून बसवल्या. झालं. पाच जणांचे चार जण झाले.

चित्र एका गाजलेल्या सिनेमातल्या अचाट शक्तीच्या टोळीचं होतं. त्यांची खरी नावं कारखान्यात कुणाच्याच जिभेवर बसेनात, म्हणून मास्तरांनी स्वतःच दिली होती: दगड्या, धुरकट, मिशीवाला आणि जाड्या. हे चौघे खाली पाय रोवून उभे. त्यांच्या डोक्यावरून दोन्ही हात पसरून उडत जाणारी पाचवी. ती वरची.

पुरुषांच्या शर्टावर पाचही जण असत. बायकांच्या शर्टावर वरची नसे. चौघांच्या पायाशी चमकीच्या अक्षरांत ‘माझा हिरो’ एवढं जास्तीचं येई. असं का, हे मावशीने मालकांना फार पूर्वी विचारलं होतं.

“बायकांचा गळा खोल कापतात, मावशी. ती मावत नाही तिथे.”

मावशीला ते पटलं होतं. मापापुढे कोण काय बोलणार?

आज मात्र टेप दाबताना तिचं नख मध्येच थांबलं. काल रात्रीच्या जेवणापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

मावशीची मुलगी उंच इमारतींच्या काचा पुसायची. गच्चीवरून दोरी सोडायची, तिला लटकायचं आणि मजला मजला उतरत यायचं. मावशीने तिला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. बस त्या इमारतींच्या रस्त्याला लागली की ती दुसरीकडे तोंड फिरवून बसे. काल जेवताना मुलगी सहज म्हणावं तसं म्हणाली, “परवा बाही अडकली गं कडीत.”

“कसल्या कडीत?”

“दोरी सरकते ना, त्या. पुरुषांचा शर्ट, बाही ही एवढी ढगळ. गेली ओढली आत. काही नाही झालं, सोडवली मी.”

मावशीचा घास हातातच राहिला. “मग मापाचा घाल की! बायकांचा.”

“त्याच्यावर ती नसते.”

“नसली तर नसली. जिवापेक्षा चित्र मोठं झालं का तुझं?”

“आमची सगळी पोरं पाचांचाच शर्ट घालतात, आई. मी एकदा तो चौघांचा घालून गेले, तर म्हणतात कशी, ‘थांबा रे, हिचा हिरो येतोय हिला उतरवायला.’” मुलगी हसली, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “मला कुणी उतरवत नाही. माझी मी उतरते.”

“सोड ते काम. खाली कामं कमी आहेत का?”

“तू एकदा तरी आलीस बघायला?”

मुलीने ताट उचललं, आणि तो ढगळ बाहीचा शर्टच सकाळसाठी खुंटीला लावून झोपली.

जेवणाच्या सुट्टीत मावशी मालकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. आजवर तिने त्यांच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागतात कसं हेच तिला ठाऊक नव्हतं.

“मालक, बायकांच्या मापाचा एक शर्ट... टेप न लावता...”

“कुणासाठी?”

“मुलीसाठी.”

“अहो, बायका ती घेत नाहीत, मावशी. त्यांना हिरो लागतो.”

“दुकानात असते का ती, बायकांच्या कप्प्यात?”

“नसते.”

“मग घेतील कशी?”

मालक हसले. “ते मला नका विचारू, ऑर्डर देणाऱ्यांना विचारा. हौसच असेल तर टाकाऊतला एक शर्ट घ्या. पण सांगून ठेवतो, मावायची नाही.”

आणि खरंच मावली नाही. मास्तरांनी शर्ट फळीवर चढवला, स्क्रीन टेकवली, रबरी पट्टीने पांढरी शाई ओढली. स्क्रीन उचलून दोघांनी पाहिलं. वरचीचे हात होते, धड होतं. डोकं मात्र गळ्याच्या पलीकडे, नुसत्या लाकडावर उमटलं होतं.

“डोकंच गेलं की हिचं,” मास्तर म्हणाले. “मालक उगीच नव्हते बोलत.”

मावशी त्या बिनडोक्याच्या बाईकडे बघत राहिली. ढगळ बाही, कडी, दोरी, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मग तिने टाकाऊच्या ढिगातून दुसरा शर्ट ओढला. फळीवर चढवला, आणि धरून वीतभर पुढे सरकवला. गळा फळीच्या टोकापलीकडे लोंबायला लागला.

“अहो, असं काय करताय? चित्र खाली येईल.”

“येऊ दे.”

“ते चौघे पोटावर येतील, मावशी! चित्र छातीवर हवं.”

“ती येईल ना छातीवर.”

मास्तरांनी रबरी पट्टी हातात घेतली. या वेळी त्यांनी शाई फार हळू ओढली.

स्क्रीन उचलली, आणि मावशी फळीवर वाकली. वरची उमटली होती, अख्खी. काळ्या कापडावर पांढरीशुभ्र. वाऱ्याने मागे गेलेले केस, पसरलेली बोटं. तोंडावर भीतीचा मागमूस नाही. रोज जिच्या अंगावर टेप चिकटवली तिचा चेहरा मावशीने असा जवळून, नीट, कधी पाहिलाच नव्हता. एवढ्याशा वीतभर सरकवण्याचा प्रश्न होता. आणि ते इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही.

“मावली,” मास्तर पुटपुटले. देवळात बोलावं तसं.

संध्याकाळी मुलीने शर्ट अंगात घातला. बाही दंडाला घट्ट बसली. तिने दोरीला लटकायचे पट्टे आवळून पाहिले, तर छातीवरच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध वरची, आणि ते चौघे कमरेच्या रुंद पट्ट्याखाली गडप!

“बघ, तुझ्या दगड्याला पट्ट्यात कोंबलं,” ती हसत सुटली. मग आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. “येशील उद्या?”

दुसऱ्या दिवशी मावशीने अर्धी रजा टाकली. इमारतीपाशी ती बराच वेळ पायांकडे बघत उभी होती. खाली दोरखंड लावून पादचाऱ्यांना अडवणारा पोरगा ओरडला, “काकू, पलीकडे व्हा, वर काम चाललंय!”

“माझी मुलगी आहे वर.”

पोरगा थबकला. “ताईच्या आई तुम्ही? मग इथून बघा. इथून दिसेल.”

मावशीने जीव मुठीत धरून मान वर केली.

आधी नुसती काच दिसली. काचेत ढग होते. ढगांच्या मधोमध एक ठिपका. तिने डोळे बारीक केले तसे त्या ठिपक्याला हात फुटले, पाय फुटले. दोन पायांनी काचेला अलगद रेटा देऊन तिची मुलगी मागे झेपावली, क्षणभर कशालाच न टेकता आभाळात राहिली, आणि एक मजला खाली येऊन हलकेच टेकली. हात पसरला. काचेवरून लांबच लांब फिरला. जिथून फिरला तिथले ढग लख्ख झाले.

मावशीला वाटलं होतं, आपण डोळे झाकून घेऊ. पण पापणी लवेना. हिला आपण चालायला शिकवलं? बोट धरून? छातीवरचं चित्र इथून दिसत नव्हतं. ते काचेकडे होतं. आतल्या टेबलांवर बसलेल्यांनाच दिसत असेल.

“भीती नाही वाटत तिला?” मावशीने विचारलं.

“आम्हाला वाटते,” पोरगा म्हणाला. “ताई गाणी म्हणते वर.”

मुलगी खाली टेकेपर्यंत मावशी तिथून हलली नाही.

दुसऱ्या सकाळी कारखान्यात हाक आली, “मावशी, टेप आणा. बायकांचा लॉट!”

मावशी उठली. स्क्रीन उलटी केली. ऑर्डर चौघांचीच होती. पट्टी लावली, तिला लागून दुसरी लावली. कडा दाबायला तिला आज वेळ लागला. मास्तर रबरी पट्टी हातात धरून थांबले.

“मान का अशी आखडून धरलीय?” शेवटी त्यांनी विचारलं.

“काल बराच वेळ वर बघत होते,” मावशी म्हणाली, आणि तिने पहिला शर्ट फळीवर चढवला.