घुमाऱ्याची हाक

एक अख्खी आकाशगंगा शुक्रवारी संध्याकाळी मारून टाकायची, असं रेडिओ केंद्राच्या प्रमुखांनी ठरवलं, आणि तेही चहा ढवळता ढवळता.

"शत्रू संपला पाहिजे," ते म्हणाले. "लोकांना आता निकाल हवाय. किती दिवस ती टकटक नि गुडगुड ऐकवायची? एक मोठा स्फोट, मग शांतता, मग विजयाचं संगीत. खेळ खलास."

टेबलाच्या एका बाजूला दादा बसला होता. केंद्रावरची ही आकाशगंगांची मालिका त्याने लिहिलेली, आणि दर शुक्रवारी माईकसमोर बसून निवेदनही तोच करायचा. दुसऱ्या बाजूला त्याची धाकटी बहीण, मालिकेतले सगळे आवाज काढणारी. तिला केंद्रात झाडून सगळे खुडबुड म्हणत. हे नाव दादानेच ठेवलं होतं, ती रांगत होती तेव्हा, आणि चाळिशी उलटली तरी ते तिला चिकटून होतं.

दादा खिडकीबाहेर बघत होता. खुडबुड त्याच्याकडे बघत होती.

"दादा, बोल की."

"साहेब म्हणतायत त्यात तथ्य आहे," दादा खिडकीला म्हणाला.

खुडबुडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली कपबशी तिने इतक्या जोरात टेबलावर ठेवली की साहेबांचा चमचा उडाला. तो आवाज बाकी छान होता. एरवी तिने तो लक्षात ठेवला असता.

आता तिला इतकं लागायचं कारण काय, ते सांगायला हवं. त्या मालिकेत दोन आकाशगंगा होत्या, उजळाई आणि घुमारा. युगानुयुगं त्या एकमेकींकडे सरकत होत्या आणि दोघींचीही खात्री होती की चालून येतेय ती दुसरीच. उजळाईतली माणसं बोलघेवडी. सेनापती, कायदेपंडित, राजदूत, सगळे भाषण ठोकल्याशिवाय पाणी न पिणारे. घुमाऱ्यात मात्र कुणालाच तोंड नव्हतं. तिथले ठोके दगडी ग्रहांवर राहायचे आणि एकमेकांवर आपटून बोलायचे. झिरपे समुद्राच्या तळाशी असायचे, त्यांचं बोलणं म्हणजे रबरी पिशवीतल्या गरम पाण्याची गुडगुड. भिरभिरे कुठल्याच ग्रहावर टिकत नसत. त्यांच्यासाठी खुडबुड पितळी वाटीत दोऱ्याचं रिकामं रीळ फिरवायची. दोन्ही आकाशगंगांच्या मधे धुळीचा दाट पट्टा होता, त्यामुळे एकीला दुसरी दिसत नसे, फक्त ऐकू येई. पोकळीत आवाज जातच नाही, असं एका श्रोत्याने फोन करून तावातावाने सांगितलं, तेव्हा पुढच्याच भागात दादाने जाहीर करून टाकलं की या विश्वात जातो. मिटला प्रश्न.

आणि या विश्वाचा एक कायदा होता, तो श्रोत्यांना तोंडपाठ होता. पलीकडून हाक आली की थांबायचं आणि उत्तर द्यायचं, मग लढाई कितीही पेटलेली असो. ज्याची हाक ऐकू येते, तो जिवंत.

हा कायदा दादाने मालिकेसाठी शोधून काढलेला नव्हता. खुडबुड लहानपणी बोलतच नसे. शाळेत घालायचं वय झालं तरी तोंडातून शब्द नाही. काका येता-जाता म्हणायचे, मुकीच आहे पोर, स्वीकारा आता. आई डोळ्यांना पदर लावायची. एकटा दादा, तिच्याहून थोडासाच मोठा, छाती पुढे काढून सांगायचा, "ती मुकी नाहीये. ती घुमाऱ्यातली आहे. तिकडे असंच बोलतात." कारण खुडबुड कंगव्यावरून नख ओढायची आणि मग भिंतीवर दोनदा ठोकायची. याचा अर्थ, मी आहे, तू आहेस का? पलीकडच्या खोलीतून दादा एकदा ठोकायचा. याचा अर्थ, आहे. पुढे ती बोलायला लागली आणि अशी काही सुटली की काकांना पळता भुई थोडी झाली. पण घुमारा राहिला. दोघांनी मिळून तो वाढवला, त्यात ग्रह घातले, समुद्र घातले, भांडणं घातली. आणि आता तो चहाच्या एका कपात बुडणार होता.

बाहेर व्हरांड्यात तिने दादाला गाठलं.

"तू मला मारायला निघालायस."

"काहीतरीच काय बोलतेस! अगं, खोटी माणसं आहेत ती. आपणच केलेली."

"मग उजळाईवाले काय सख्खे आहेत तुझे? त्यांना मार."

"खुडबुड, ऐक. मी दमलोय. साहेब नवी मालिका देतायत, मोठी आहे. ही संपल्याशिवाय ती सुरू होणार नाही."

"मग संपव ना! दोघींना जगवून संपव. मी कुठे नाही म्हणतेय?"

"त्यांना ते नकोय."

"आणि तुला?"

दादा, ज्याला शब्दांची कधी ददात पडली नव्हती, तो बुटाच्या लेसशी खेळत बसला. खुडबुड तडक साहेबांच्या खोलीत गेली. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नव्हती. दार न वाजवता आत जाऊन ती म्हणाली, "तुम्हाला आधीच सांगून ठेवते. ती शांतता मी करणार नाही."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो, पण हसला मात्र वाईट. "बाई, शांतता करायला तुम्ही लागतच नाही," ते म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी स्टुडिओत नेहमीसारखे सगळे अनवाणी होते. तिथला कार्यक्रम थेट व्हायचा, त्यामुळे चपलेची करकरसुद्धा घराघरांत पोचायची. दारावरचा लाल दिवा लागला की दार उघडायचं नाही, हा साहेबांचाच दंडक. जाड काचेपलीकडे तंत्रज्ञ बसायचा, आणि संगीत कधी सोडायचं हे तो दादाच्या हाताकडे बघून ठरवायचा. निवेदकाचा हात वर गेल्याशिवाय काचेपलीकडून एक सूरही आत येत नसे. वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं.

खुडबुडने टेबल मांडलं. रबरी पिशवी, पितळी वाटी, रीळ, मोज्यात बांधलेल्या किल्ल्या, दगड आणि कंगवा. तिचा बेत साधा होता. स्फोट झाला, शांतता सुरू झाली, की आपल्या माईकवर हाक द्यायची. एकदा ती घराघरांत ऐकू गेली की साहेबांच्या बापालाही घुमारा मेला असं म्हणता येणार नव्हतं.

लढाई रंगली. ठोके आपटले, झिरपे खवळले, भिरभिऱ्यांचं रीळ वाटीत गरगरलं. खुडबुडचे हात कधी नव्हे इतके चालले. मग दादाने उजळाईच्या सेनापतीचा हुकूम वाचला, हात वर केला, आणि तंत्रज्ञाने आधीच ध्वनिमुद्रित केलेला स्फोट सोडला. स्फोट कसला, पत्र्याच्या छपरावरून पिंपं गडगडल्यासारखा होता. तिने केला असता तर लोकांची झोप उडाली असती.

आवाज विरला. खुडबुडने कंगवा उचलला, नख ओढलं, टेबलावर दोनदा ठोकलं. कानावरच्या हेडफोनमधून काहीच आलं नाही. तिने माईककडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा विझलेला होता. काचेपलीकडे तंत्रज्ञाने मान खाली घातली होती, आणि त्याच्या मागे साहेब हाताची घडी घालून उभे होते.

म्हणजे शांतता अशी करतात तर.

तिला आधी भीती वाटली. साधी नव्हे, जुनी. सगळे आपल्यासमोर आपल्याविषयी बोलतायत आणि आपलं काहीच कुणाला पोचत नाहीये, तेव्हाची ती भीती. आणि मग तिला असा संताप आला की भीतीला बसायला जागाच उरली नाही. स्टुडिओत एकच माईक चालू होता, दादाचा. तिने हेडफोन काढून ठेवले, कंगवा घेतला आणि ती अनवाणी पायांनी सतरंजीवरून सरळ दादाच्या टेबलाकडे चालायला लागली.

काचेपलीकडे साहेबांची घडी सुटली. ते हातवारे करू लागले, मग काचेवर बुक्के मारू लागले. काच जाड होती. साहेबांचं तोंड जोरजोरात हलत होतं आणि आवाज बिलकूल येत नव्हता. त्यांनी तंत्रज्ञाचा खांदा गदगदा हलवला. तंत्रज्ञाने दादाच्या हाताकडे बोट दाखवलं. हात टेबलावरच होता.

दादासमोर शेवटचा कागद होता. त्यावर एकच वाक्य होतं, घुमाऱ्याकडून आता काहीच ऐकू येत नाही. त्याने ते वाचायला तोंड उघडलं, तेव्हा खुडबुड त्याच्या शेजारी उभी होती.

तिने कंगवा माईकजवळ धरला. नख ओढलं. टेबलावर दोनदा ठोकलं.

दादाने तोंड मिटलं. नजर कागदावरून हलवली नाही.

तो आता हात वर करेल, संगीत सुरू होईल आणि सगळं संपेल, असं तिला वाटलं. तिला रडू येत होतं, आणि त्या रडण्याचाच तिला राग येत होता. करू दे वर. ती इथून हलणार नव्हती. तिने पुन्हा नख ओढलं, या वेळी कंगव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, एकेक दात मोजून घेतल्यासारखं. आणि पुन्हा ठोकलं, लहानपणी भिंतीवर ठोकायची तसं, मुठीने. मी आहे. तू आहेस का?

दादाचा हात उचलला गेला. काचेपलीकडे तंत्रज्ञाचं बोट बटणावर टेकलं.

पण हात वर गेला नाही. त्याने शेवटचा कागद उचलला आणि पालथा ठेवला. मग मूठ वळली आणि टेबलावर ठोकलं, एकदाच, असं की माईक हलला.

खुडबुडने नाक पुसलं. मग ती आपल्या टेबलाकडे गेली आणि रबरी पिशवी, वाटी, रीळ, दगड, किल्ल्या, सगळं कवेत घेऊन दादाच्या माईकपाशी आली. त्याने खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली. कार्यक्रमाची वेळ अजून संपली नव्हती आणि घुमाऱ्याला बरंच काही बोलायचं होतं.