खोळीतल्या एकतीस गोळ्या

"डॉक्टर, अगदी खरं सांगा हं. ह्या गोळ्यांत औषध आहे, की नुसता खडू भरलाय?"

हा प्रश्न तोंडावर विचारून दाखव, अशी पैज आमच्या घरातल्या मुलीच्या तीन मैत्रिणींनी लावली होती. तिने तो विचारला तेव्हा आईने कपाळावर हात मारला, बाबा छताकडे बघू लागले, आणि मी तिच्या स्वेटरच्या आत, पोटाला चिकटून, सगळं ऐकत होते.

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी. गरम पाणी भरून शेकायची. एके काळी माझा रंग लालभडक होता. आता विटलेल्या विटेसारखा दिसतो. माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून काढल्यावर माझ्यात हवा भरली आणि मला पाण्यात दाबून धरलं. एक जरी बुडबुडा आला असता तर जन्मालाच मुकले असते. आला नाही. ह्याचा मला अजून तोरा आहे, खोटं कशाला बोलू?

मला विकत घेतलं बाबांच्या बहिणीने. ती शिवणकाम करायची. दिवसभर मशिनवर वाकून तिची कंबर धरायची. तिनेच मला मऊ कापडाची दुहेरी खोळ शिवली, कातडी भाजू नये म्हणून. "ही आहे म्हणून मी उभी आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि मी फुगून जायचे. पुढे तिची कंबर बरी झाली. मग काय, गरज सरो नि वैद्य मरो! मला तिने भावाच्या घरी दिलं, त्यांनी माळ्यावर टाकलं. मोडक्या छत्रीशेजारी किती वर्षं काढली देव जाणे. मानेपाशी बारीक चिरा पडल्या. कुणी विचारलं नाही.

मग एके दिवशी मला खाली काढलं. का काढलं हे कळल्यावर वाटलं, माळ्यावरच बरी होते.

ह्या घरातली मुलगी पंधरा वर्षांची. घरात तिला 'भोंगा' म्हणतात. ती शाळेतून निघाली की आधी आवाज घरी पोचतो आणि मग ती, असं बाबा म्हणत. त्या भोंग्याचा आवाज बसला होता. तिच्या मोठ्या आतड्याला आतून सूज आली होती आणि जखमा झाल्या होत्या. अल्सरेटिव्ह कोलायटिस. दिवसाला पंधरा-पंधरा वेळा संडासाकडे धाव, दर वेळी रक्त, आणि पोटात पीळ पडला की ती मला असं दाबून धरायची की माझं बूच करकरायचं. एकदा वर्गात उठायला उशीर झाला. त्या दिवसापासून तिच्या दप्तरात नेहमी जादा कपडे असत.

तर, खडूचा प्रश्न. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तुझ्या शरीरातले शिपाई तुझ्याच आतड्यावर हल्ला करतायत," त्या म्हणाल्या. "स्टिरॉइड त्यांना आत्ता दाबून ठेवतंय, पण ते फार दिवस देता येत नाही. ही पिवळी गोळी शिपाई बनवणारा कारखानाच हळू करते. आधीच तयार झालेले शिपाई संपायला वेळ लागतो. बारा आठवडे धर. तोवर काहीच होत नाहीये असं वाटेल. तरी एकही दिवस चुकवायचा नाही."

"बारा आठवडे! तोवर मीच संपेन की!"

"भोंग्या," बाबा म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. "बटण दहादा दाबलं म्हणून लिफ्ट लवकर येत नाही. एकदा दाबायचं आणि उभं राहायचं."

"आणि लिफ्ट बंद असली तर?"

बाबांनी औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

त्या दिवसापासून आमचा रोजचा एक नेम ठरला. रात्रीचं जेवण झालं की आई गोळी तिच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची, आणि माझी खोळ काढून तिच्या मांडीवर टाकून मला भरायला ओट्याकडे न्यायची. आईची पाठ तेवढीच काय ती वळायची.

आठवडे सरकत होते. स्टिरॉइडने भोंग्याचा चेहरा सुजला. ती आरशात बघून म्हणायची, "बाई कोण आपण? ओळख नाही लागली." गोळीने मळमळायचं. अन्न समोर आलं की तोंड फिरवायची. पोटात फरक शून्य. मैत्रिणी वह्या द्यायला यायच्या, "काय मग, खडू चढला का?" विचारायच्या, आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसायची. त्या गेल्या की माझ्यावर पालथी पडायची.

आठव्या आठवड्यात शाळेत वादविवाद स्पर्धा होती. आदल्या रात्री आई मला घेऊन ओट्याकडे वळली. परतून तिने मला खोळीत घातलं, तेव्हा तळाच्या उसवलेल्या शिवणीतून दोन पदरांमध्ये सरकवलेलं काहीतरी टोचलं. गोळी.

दुसऱ्या दिवशी मळमळ नव्हती. भोंगा अशी बोलली की तिला पहिला क्रमांक मिळाला. आणि मित्रांनो, इथेच तिचं गणित चुकलं. तिला वाटलं, आपल्याला आजारी करतेय ती ही गोळीच. "वार्षिक परीक्षेपर्यंतच," ती माझ्या कानाशी पुटपुटली. परीक्षा महिनाभर पुढे होती. गोळी गिळायची तिची तयारी नव्हती, आणि टाकून द्यायचं धाडस नव्हतं. मग माझ्या खोळीत रोज एक.

आठवडाभर ती खुशीत होती. मग ठरल्याप्रमाणे स्टिरॉइड आणखी कमी झालं आणि सगळं दुप्पट जोराने परत आलं. वजन उतरलं. जिना चढताना ती मध्येच बसायची. तेव्हा तरी सांगायचं! पण एक लपवलं की ते झाकायला दुसरं लपवावं लागतं. आत्या भेटायला आली, खोळ उसवलेली बघून म्हणाली, "दे इकडे, दोन टाके घालते." भोंगा एवढ्याने ओरडली, "हात नको लावूस!" आत्याचा चेहरा पडला. माझ्या उबेने गोळ्या भुरभुरायला लागल्या होत्या, शिवणीत पिवळी भुकटी जमत होती. मला तोंड आहे, पण ते फक्त बुचासाठी. मी सांगणार कशी?

बारावा आठवडा संपला. आज दुपारी आम्ही पुन्हा डॉक्टरबाईंसमोर होतो. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचले. "औषध लागू पडलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "गोळी रोज घेतलीस ना?"

तिच्याआधी आई बोलली. "एक दिवस चुकलेला नाही, डॉक्टर. मी स्वतः हातावर ठेवते."

भोंग्याने स्वेटरच्या आत माझ्या खोळीचं उसवलेलं टोक मुठीत दाबून धरलं. डॉक्टरबाई मग पुढचं सांगत गेल्या. ह्या गोळ्या बंद करू. इंजेक्शनं बघू. त्यांनीही नाही भागलं तर मोठं आतडं काढायचं ऑपरेशन. त्यानंतरही माणसं छान जगतात, त्या म्हणाल्या. बाबांनी मान हलवली.

मित्रांनो, मला ऊब देता येते, बाकी काही नाही. तुमच्यापैकी कुणी आजारी असेल तर माझ्यासारखीला जवळ घ्या, माझ्यात फार कढत पाणी भरू नका, वापरून झाल्यावर मला उलटी टांगून वाळवा. पण औषध माझ्या खोळीत घालू नका. आणि मळमळत असेल तर कुणाला तरी म्हणा, मळमळतंय. त्यावरही इलाज असतो, असं मी दवाखान्यात ऐकलंय. न सांगितलेल्यावर नसतो.

संध्याकाळी घरात कुणी दिवा लावला नव्हता. परीक्षा दोन दिवसांवर आली होती. आई नळ सोडून उभी होती, भांडं भरून वाहत होतं. "माझ्याच हाताला यश नाही," ती बाबांना म्हणाली. "कुणी दुसऱ्याने दिली असती तर लागू पडली असती."

भोंगा उठली. तिने मला खोळीतून ओढून काढलं आणि खोळ टेबलावर उलटी करून झटकली. गोळ्या घरंगळल्या. काही अख्ख्या, काही अर्ध्या, आणि चिमूटभर पिवळा भुगा. आईने नळ बंद केला. बाबा एकेक गोळी बोटाने बाजूला सारत राहिले.

"एकतीस आहेत," भोंगा म्हणाली. तिच्या आवाजात कुठेच थट्टा नव्हती. "आई, तुझा हात चांगलाय. मी घेतल्याच नाहीत."

आई खुर्चीत बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

"रड नंतर, आधी ऐक. उद्या आपण डॉक्टरबाईंकडे जातोय आणि सांगणार मी, तुम्ही कुणीच नाही. त्या म्हणाल्या इंजेक्शन तर इंजेक्शन. त्या म्हणाल्या पुन्हा गोळ्या, तर पहिल्या दिवसापासून बारा आठवडे, तुमच्यासमोर गिळून, जीभ दाखवून. आणि बाबा, यंदा मी परीक्षेला बसत नाहीये. वर्ष गेलं तर जाऊ दे."