छतातला कापूस

“आता मी जे सांगतो ते तुमच्यातल्या एकालेही पटणार नाही,” असं म्हणत उत्तमरावांनी रंगकामाच्या लाकडी घोडीचा पाय दोन्ही हातांनी धरला.

घोडीवर गणेश उभा होता, रंगाऱ्याकडून मागून आणलेली खरवडायची पत्ती छताला टेकवून. बापाने घोडी हलवली तशी पत्ती निसटली आणि थोडे पांढरे दाणे फरशीवर सांडले. उत्तमरावांनी त्यांच्यावर पाय ठेवला.

“पडतो ना बाबा मी.”

“मंग उतर.”

बैठकीचं ते छत भिजल्या साबुदाण्यासारखं दाणेदार होतं. गणेशच्या जन्माआधी उत्तमरावांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. आदल्या दिवशी तान्ही आरोही आजोळहून घरी आली, छताच्या कडीला पाळणा टांगला गेला, आणि पहिल्याच झोक्याला तिच्या दुपट्यावर पांढरी भुकटी पडली. गणेशची बायको पूनम हिने लेकीला उचललं, ते अजून मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. फोनवर वाचून वाचून तिचे डोळे लाल झाले होते. असल्या जुन्या छतांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे तंतू छातीत गेले तर कित्येक वर्षांनी दुखणं होऊन उठतात, तेव्हा तपासून घेतल्याशिवाय पत्ती लावायचीच नाही, असं तिचं म्हणणं. गणेशचं म्हणणं, छत खरवडायला कसली तपासणी, जेवायच्या आत मोकळं होतं. छतात काय कालवलं होतं हे सांगू शकेल असा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो माणूस उत्तमराव होता.

हीच तर पंचाईत. उत्तमराव जन्मभर खामगावच्या एका तेलगिरणीत बॉयलरवर होते आणि जन्मभर बोलत होते. आमच्या गिरणीचा भोंगा झाला की तिकडे शेगावात लोक जेवायला बसत, असं ते सांगत. जलंबहून येणारी गाडी एकदा आपण चहासाठी थांबवली आणि ड्रायव्हरने वरून भजीही मागितली, हेही. छताची गोष्ट तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावी लागे. बॉयलरच्या नळांवर गुंडाळायची पांढरी रुई त्यात कालवली आहे, ती रुई म्हणजे आगीची सावत्र आई, हे छत जळायचं नाही. मग ते मान वर करून कडीजवळचा ताटाएवढा काळा डाग दाखवत. पाहुणे हसत आणि चहा पीत.

आज ते वर बघतच नव्हते.

“मामाजी,” पूनम सासऱ्यांना म्हणाली, “ते बॉयलरची रुई खरंच घातली होती का?”

उत्तमरावांनी जाऊन पंखा बंद केला. खुर्चीत बसले, लगेच उठले. चप्पल सरळ केली. आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना, खोकल्याची उबळ आली, तशी त्यांची मान तिकडे वळली. तो खोकला घरात इतका जुना झाला होता की बाकी कोणाचं लक्षही जात नसे.

“रुई कायची, बाई. साधा कापूस होता,” ते म्हणाले.

आणि त्यांची गाडी सुटली. त्या साली खामगावात कापूस इतका आला की जिनिंगच्या आवारातल्या गंजीवर अर्ध्या उंचीला कावळ्यांनी घरटी केली. वरपर्यंत उडायचा त्यांना कंटाळा. एक शेळी त्या गंजीत शिरली ती हरवलीच. पोळ्याला बाहेर आली तेव्हा मागे दोन पिलं होती, आणि पिलांना हिरवा पाला दाखवला तर ती भ्याली. मालक म्हणाला, उत्तम, ने लागेल तेवढा. मग चुन्यात गूळ आणि बेलाचा गर घालून कापूस कालवला आणि मूठ मूठ वर फेकला, तो चिकटला तो आजपर्यंत.

शेळीला गणेश हसला. पूनमच्याही खांद्यांवरचा ताण जरा उतरला.

“मंग कापूसच आहे तर खरवडतो ना मी,” गणेश पुन्हा घोडीवर पाय ठेवत म्हणाला.

“कोरडा नाही खरवडायचा बे,” उत्तमरावांनी त्याच्या हातातली पत्ती काढून घेतली.

आधी सामान बाहेर. भिंतींना, फरशीला प्लास्टिक. वावरातला फवारणीचा नवा पंप आणायचा, ज्यात अजून औषध भरलं नाही तो, आणि साबणाच्या पाण्याने छत चिंब करायचं. झाडू अजिबात लावायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, निघेल ते ओलं असतानाच पिशव्यांत बांधायचं. पूनमने लेकीला घेऊन आजच्या गाडीने मेहकरला माहेरी जायचं, सासूलाही सोबत न्यायचं. गणेशनेही घरात थांबायचं नाही.

“अन् काढणार कोण?”

“मी. माझं काय राह्यलं आता.”

गणेशचं हसू तोंडावर तसंच राहिलं. “कापसाले एवढं काऊन भ्यायचं, बाबा?”

“कापूस नाकात जाते,” उत्तमराव म्हणाले आणि पत्तीची धार अंगठ्याने चाचपू लागले. पूनमने पदर ओढून लेकीच्या तोंडावर घेतला.

कोकिळाबाई केव्हाच्या दारात येऊन उभ्या होत्या. हाताला कणीक तशीच. त्यांनी वर काळ्या डागाकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या, जणू तो त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता.

“हा गण्या लहान होता तवा यानं इथंच भुईनळा पेटवला होता,” त्या हळू म्हणाल्या. “जाळ वर छताले लागला. मी पाण्याची बादली घेऊन धावली, तर तुम्ही हसून राह्यले होते.”

“असंन. मले नाही आठवत.”

“कापूस असता तर घर पेटलं असतं.” त्यांना उबळ आली, ती जाईपर्यंत कोणी हललं नाही. “खोटं बोलून राह्यले तुम्ही.”