डावा हात सुनेचा

शिवणकाम करणाऱ्या बहिऱ्या आईला सूनही बहिरीच मिळाली, म्हणजे सोन्याहून पिवळं! मुलगा बहिरा होता, पण बापासारखाच घुम्या. त्याचे हात सदा खिशात. ऐकणाऱ्यांचे ओठ वाचून वाचून आईचे डोळे शिणले होते. आता घरात मनसोक्त गप्पा होतील, एवढीच तिची आस.

पण सून समुद्रापलीकडची, तिच्या खुणाच निराळ्या. आई खुणेने ‘पाणी’ म्हणाली की ती पाऊस समजून खिडकीबाहेर बघायची. आईचं प्रत्येक अक्षर दोन हातांचं, डाव्या पंजावर उजव्या बोटांनी उमटणारं. सून मात्र अख्खी बाराखडी एकाच हातात उरकायची, तीही भरधाव. “बहिऱ्यांची भाषा जगभर एकच ना?” शेजारीण ओठ ताणून विचारायची. आई कपाळाला हात लावायची.

त्यात मुलगा कामासाठी पंधरा दिवस बाहेरगावी गेला. सुनेने बिचारीने वही पुढे केली आणि आईचं डोकंच फिरलं. वही डॉक्टरसाठी, बँकेतल्या माणसासाठी! घरच्या माणसाशी कुणी वहीतून बोलतं? तिने वही कपाटावर भिरकावली आणि इस्त्रीला उभी राहिली. रडू येत होतं, पण सुनेसमोर रडायची तिची तयारी नव्हती.

त्याच तिरमिरीत इस्त्री डाव्या हातावर टेकली.

सुनेने हात नळाखाली धरला, मलम लावलं, बोटांच्या टोकांपर्यंत पट्टी गुंडाळली. झालं! आता आईचं बोलणंच खुंटलं. उजवा हात उठला, रिकाम्या हवेत अडखळला आणि मांडीवर पडला.

सुनेने ते पाहिलं. ती आईला खेटून बसली आणि स्वतःचा डावा पंजा तिच्यापुढे पसरला. आईची अक्षरं तिने नवऱ्याकडून कधीच शिकून घेतली होती. सासूसमोर चुकतील म्हणून धीर होत नव्हता इतकंच.

आईने त्या पंजावर पहिलं वाक्य उमटवलं, “अगं, इस्त्री बंद कर आधी!”

दोघी पोट धरधरून हसल्या.

हात भाजल्याचं मुलाला सुनेच्या मेसेजवरून कळलं होतं, पण तो परतला तेव्हा पट्टी सुटून चार दिवस झाले होते. तरी दोघी तशाच खेटून बसलेल्या, उजवा हात आईचा, डावा सुनेचा.

“हात अजून बरा नाही झाला?” त्याने खुणेने विचारलं.

आईने धडधाकट डावा हात पाठीमागे लपवला.

“नाही,” तिने सुनेच्या पंजावर उमटवलं.