वहिनीवरचं गवत

माझ्या भावाला गवतातलं सगळं कळतं आणि माणसांतलं ओ की ठो कळत नाही, असं मी वहिनीला लग्नाआधीच बजावलं होतं. ती म्हणाली, "मग मी गवतातच जाऊन बसेन." आणि खरोखरच तिने जन्मभर तेच केलं. समुद्रालगतच्या पट्ट्यात दादा मैदानांसाठी आणि बागांसाठी लॉन वाढवायचा, आणि बांधावर स्टूल टाकून ही कामगारांशी गप्पा ठोकत बसायची.

पुढे विहिरीचं पाणी खारं होत गेलं. जुनं नाजूक गवत करपलं, शेजारचे जमिनी विकून मोकळे झाले. दादाने मात्र खाऱ्या पाण्यावर तगणारं गवत आणलं, खाली वाळूचा थर दिला आणि एक नियम धरला. खारं पाणी रोज थोडं थोडं द्यायचं नाही. थोडं पाणी उन्हाने उडून जातं आणि मीठ तेवढं मुळाशी बसतं. द्यायचं तर एकदम भरपूर, म्हणजे मीठ धुऊन खाली जातं. मग बरेच दिवस त्या वाफ्याला हात लावायचा नाही. नवा माणूस झारी घेऊन फिरताना दिसला की दादा लांबूनच ओरडायचा, "चिंब कर, नाहीतर ठेव ती खाली." वहिनीने त्याचं नावच चिंबराव ठेवलं. बघता बघता सगळे तसंच म्हणायला लागले.

वहिनी गेल्या वर्षी गेली. आजारपणात तिने एकच मागितलं होतं, "माझ्यावर उघडी माती नको. तुमचं गवत घाला." अख्ख्या किनाऱ्याला गवत पुरवणाऱ्या माणसाकडे मागून मागून हे मागितलं बाईने. दादाने स्वतःच्या हाताने सगळ्यात दाट तुकडा कापला आणि कबरीवर अंथरला. थोड्याच दिवसांत तो पिवळा पडला. दुसरा घातला, तोही जळला. तिसराही जायला लागला तेव्हा दादा माझ्याकडे आला आणि वाढलेल्या ताटासमोर नुसता बसून राहिला.

"एवढं एक मागितलं होतं तिने," तो म्हणाला. "तेही माझ्याच्याने होईना."

मला भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मी चिडते. "तिथली माती वाईट असेल. जेव आधी," मी म्हटलं. तो दोन घास खाऊन उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कबरीपाशी गेले. मातीवर पांढरी साय धरली होती. बोटाला लावून चाखली, तर मीठ. तिथे झाडणारी बाई जवळ आली. "तुमचे भाऊ ना? रोज संध्याकाळी येतात. झारीभर पाणी घालतात, बोलत बसतात. एक दिवस खाडा नाही."

मी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबले. दादा आला, हातात विहिरीच्या पाण्याची झारी. मला बघून दचकला.

"चिंबराव," मी म्हटलं. वहिनी गेल्यापासून त्या नावाने त्याला कुणीच हाक मारली नव्हती. "कामगाराने असं केलं असतं तर?"

"हाकलून दिलं असतं."

"मग तुला कळत नाही?"

"कळतं गं. पहिला तुकडा जळला तेव्हाच कळलं." झारी त्याने हातातून सोडली नाही. "पण एकदम भरपूर घातलं की पुढचे कितीतरी दिवस इथे माझं काम काय?"

माझ्या तोंडाला लागू नये असं घरात सगळे म्हणतात. त्या संध्याकाळी मात्र मी त्याच्याशेजारी मातीत बसले आणि आम्ही दोघंही रडलो.

मग रविवारी आम्ही टेम्पोत पिंपं भरून पाणी नेलं. जुनी माती काढली, वाळू घातली, नवा तुकडा अंथरला आणि पाणी वाटेवर वाहेपर्यंत ओतलं. झाडणारी बाई चपला हातात घेऊन कुरकुरत लांब झाली. या खेपेला गवत लागलं. आता माती दिसत नाही.

परवा संध्याकाळी दादा रस्त्यात भेटला, पुन्हा हातात झारी. माझं डोकंच सणकलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने ती माझ्यासमोर उलटी धरली. थेंबही पडला नाही.

"हातात काही नसलं की तिकडे पाय उचलत नाही," तो म्हणाला आणि झारी सरळ करून चालू लागला.