क्रेनेकांच्या घराची झाकलेली कड

मित्रांनो, मी टेक्सासमधल्या क्रेनेक कुटुंबाच्या नव्या घराच्या जोत्याची कड आहे. जमीन संपते आणि भिंतीच्या लाकडी फळ्या सुरू होतात, त्या दोहोंमधली वीतभर उंचीची करडी काँक्रीटची पट्टी म्हणजे मी. घराचा फोटो काढताना लोक मला नेमकं चौकटीबाहेर ठेवतात.

माझा जन्म साच्यात झाला. फळ्या उभ्या करून, गज बांधून त्यात ओला माल ओतला. वरच्या अंगावरून थापी मायेने फिरली, कारण तिथे फरशी बसायची होती. बाजूने फिरवायला कोणाला वेळ नव्हता. साचा काढला तेव्हा माझ्या अंगावर लाकडाच्या शिरा आणि बारीक भोकं उमटली होती. तरी मी खूश होते. सगळं घर माझ्या खांद्यावर बसणार होतं.

किल्ली देताना मुकादमाने घराच्या मालकीणबाईंना, लिबीबाईंना सांगितलं होतं की ही कड कायम उघडी ठेवा, माती भिंतीला भिडू देऊ नका. पण त्याच दमात त्याने ओव्हन कसा लावायचा तेही सांगितलं. लिबीबाईंच्या लक्षात ओव्हन राहिला.

त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. नवरा अर्विन आणि लिबी यांचं अर्धं आयुष्य चाकांवरून ओढून आणलेल्या घरात गेलं होतं. तसलं घर विटांच्या थप्प्यांवर उभं असतं आणि खालची पोकळी पत्रे लावून झाकायची असते. ज्याचे पत्रे धड, ते घर अब्रूदार. ज्याचं खाली सगळं उघडं, त्याच्याकडे गाव कीव करून पाहतं आणि मग तासभर त्याच्याबद्दल बोलतं. लिबीबाईंनी तिथे दर वसंतात पत्रे रंगवले होते. उघडं ते गरिबाचं, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं.

वास्तूच्या जेवणाला त्यांची नणंद अल्बीना आली. तिने स्वयंपाकघर पाहिलं, खिडक्या पाहिल्या, मागच्या दारी अर्विनने स्वतःच्या हाताने बांधलेला लाकडी ओटा पाहिला. प्रत्येकाच्या वाट्याला तिने थोडं थोडं कौतुक दिलं, पण अगदी मोजून. मग जाताना गाडीत बसता बसता म्हणाली, "घर छान झालंय गं लिबी. खालून तेवढं नागडं दिसतंय. पैसे संपले का?"

मित्रांनो, सबंध घरात त्या दिवशी माझ्याबद्दल निघालेलं ते एकच वाक्य.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या पायाशी माती चढली, मातीवर फुलझाडं आणि झाडांच्या मुळाशी लाकडाच्या लाल चुऱ्याचा जाड थर. तरीही माझी दोन बोटं दिसत होती. मग लिबीबाईंच्या हट्टापायी अर्विनने दगडासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे तक्ते आणले आणि तीन बाजूंनी, थेट भिंतीच्या फळ्यांपर्यंत ठोकून टाकले. चौथी बाजू त्याच्या ओट्याने आधीच गिळली होती. रविवारी चर्चहून येणारे लोक थांबून म्हणू लागले, "वा, दगडी जोतं!" ते कौतुक तक्त्यांच्या खात्यावर जमा झालं. भार मात्र माझ्याच खात्यावर राहिला.

आत अंधार होता. फुलझाडांना पाणी घातलं की ओल माझ्या अंगाला चिकटून बसायची. ऊन नाही, वारा नाही, ती जाणार कुठे? आणि एके दिवशी त्या चुऱ्यातून वाळवी वर आली. मी वाळवीच्या पोटाच्या कामाची नाही. मी तिचा रस्ता. तिने माझ्या अंगावर मातीची बारीक नळी बांधली आणि त्या नळीतून ती रांगेने वर, भिंतीच्या लाकडात जाऊ लागली. सबंध घर उचलून धरणारी मी. मला एक किडा झटकता येईना. माझ्या माथ्यावरचं लाकूड रोज हलकं होत होतं. वजन कमी झालेलं मला कळणार नाही तर कोणाला? पण ओरडायला तोंड लागतं.

वसंतात पूर्वेच्या खिडकीत वाळवीच्या गळलेल्या पंखांचा सडा पडला. लिबीबाईंनी उडत्या मुंग्या म्हणून झाडून टाकला. पुढच्या वसंतात पुन्हा झाडून टाकला. घर कोणत्या तोंडाने बोलत होतं ते त्यांना कळलं नाही.

मग ईस्टर आला. घरात कोलाचीचे गोड पाव भाजले जात होते. गोळ्यात सारणासाठी अंगठ्याने खळगा करून झाला आणि लिबीबाई पूर्वेच्या खिडकीला नवा पडदा लावायला गेल्या. चौकटीवर अंगठा टेकला, आणि तो कणकेत जावा तसा आत गेला.

अर्विन म्हणाला, भोक बुजवायची लांबी भरून देतो. लिबीबाई म्हणाल्या, "लांबी कशात भरणार? आत काही उरलंच नाहीये."

त्या पीठ लागलेल्या ॲप्रनवरच पहार घेऊन बाहेर आल्या. अल्बीना नुकतीच गाडीतून उतरत होती. तिने समजावलं की पाहुणे येताहेत, निदान जेवणं होऊ देत. लिबीबाईंनी पहार तक्त्याच्या फटीत घातली. पहिला तक्ता निघाला आणि किती दिवसांनी माझ्यावर ऊन पडलं. माझ्या अंगावर वाळवीच्या वाटा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरल्या होत्या. लिबीबाईंनी एक नळी नखाने फोडली. आतून पांढरे किडे गळले. मग त्यांनी तळवा माझ्यावर टेकवला. कोणी मला हात लावण्याची ती पहिलीच वेळ.

"आता हे कशाने झाकणार?" अल्बीनाने विचारलं.

"झाकणार नाही. मला रोज दिसायला हवं."

पूर्वेच्या भिंतीचं खालचं लाकूड बदलावं लागलं, औषध मारावं लागलं. माती खाली उतरली, चुरा गेला. आता लिबीबाई सकाळी कॉफीचा मग घेऊन माझ्या तीन बाजूंनी चक्कर मारतात, वाकून पाहतात. अल्बीना अजून नाक मुरडते. तिला मुरडू द्यावं.

राहिली उत्तरेची बाजू. अर्विनचा ओटा. तो काढायचं लिबीबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण तक्ते त्यांच्याच हट्टाने लागले होते आणि अर्विन त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. त्या एका न बोललेल्या शब्दाची परतफेड म्हणून लिबीबाईही ओट्याबद्दल गप्प राहिल्या. नवरा-बायकोचे हिशेब असे फिटतात. मध्ये मी सापडते.

मित्रांनो, तुमच्या घराच्या पायाला सुंदर करू नका, नुसतं उघडं ठेवा. आणि जिथे ठेवता आलं नसेल तिथे एकदा गुडघे टेकून, हातात बॅटरी घेऊन आत डोकावा. उत्तरेकडचं मला दिसत नाही. ओट्यावर अर्विनची खुर्ची करकरते, तो कोणाला तरी सांगत असतो की घर आता शंभर वर्षं हलत नाही. आणि त्याच्या पायाखाली, अंधारात, माझ्या अंगावरून काहीतरी अगदी हळू वर चढत आहे.