रविवारी दुपारी, साइट बंद असताना

पनवेलच्या एका रक्तदाता मंडळाची वेबसाइट शाजिया फावल्या वेळात सांभाळायची. दात्यांची नावं, रक्तगट, फोन नंबर, सगळी जबाबदारी तिच्यावर. २०१८ उजाडलं आणि तिची झोप उडाली. साइट वेब सर्व्हरच्या ज्या जुन्या आवृत्तीवर चालायची, ती बनवणाऱ्यांनीच तिची दुरुस्ती थांबवली होती. आता कुणी तिच्यात भोक पाडलं तर बुजवायला कोणी येणार नव्हतं.

"चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?" तिच्यासोबत काम करणारा प्रणित म्हणाला. "नव्या आवृत्तीला जुन्या सेटिंग्ज चालत नाहीत. साइट उठलीच नाही तर?"

त्याचंही खरं होतं. घरी करून पाहिलं तेव्हा साइट दोनदा आडवी झाली होती. पण इतक्या मुलीबाळींचे नंबर भलत्याच्या हाती लागले तर? मंडळाच्या वसुंधराताईंनी निर्णय तिच्यावरच सोडला. शेवटी तिने मनाचा हिय्या केला आणि रविवारची दुपार ठरवली.

साइट बंद केली, जुनी आवृत्ती काढली, आणि ताईंचा फोन आला.

"कळंबोलीला एक बाळंतीण आहे गं, रक्तस्राव थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह हवंय. आणि साइट उघडत नाही!"

"जुनं परत लाव, शाजिया!" शेजारी बसलेला प्रणित ओरडला.

मागे फिरायलाही वेळ लागणारच होता, आणि घाईत चुकलं तर ना जुनं ना नवं.

"नाही," ती म्हणाली. "साइट राहू दे. आपल्याला माणूस हवाय."

सकाळी खबरदारी म्हणून साइटवरून उतरवून ठेवलेली दात्यांची माहिती तिने लॅपटॉपवर उघडली. ओ निगेटिव्हचे तिघे निघाले. पहिल्याचा फोन बंद. दुसरा गावाला गेलेला. तिसरा सुकापूरचा नोमान. "निघालोच," एवढंच म्हणाला.

मग ती पुन्हा सर्व्हरकडे वळली. नवी आवृत्ती चढली, साइट उघडली. प्रणितने टाळी वाजवली. शाजियाने मात्र पासवर्ड न घालता दात्यांचं पान उघडून पाहिलं. सगळे नंबर भसाभस समोर आले.

"या अल्लाह!" तिने झटकन साइट बंद केली. मधल्या गडबडीत दात्यांचं पान कुणाला दाखवायचं, त्या परवानगीची एक ओळ लिहायची राहिली होती. ती लिहिली, पुन्हा तपासलं, मग प्रणितच्या मोबाइलवरूनही तपासलं. आता पान पासवर्ड मागत होतं.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. नोमान वेळेत पोचला होता, बाई शुद्धीवर आली होती. "आणि साइट गं?"

"चालू आहे, ताई," म्हणताना तिला रडू फुटलं. प्रणितने हळूच तिच्या हातातून फोन घेतला.